उंदराचे कान वाजतायत हे कळलं कसं? औषधाने होणाऱ्या टिनिटसचे पेपर असे वाचा

आमच्याकडे लाईट गेली की मला आधी माझा डावा कान ऐकू येतो. पंखा थांबतो, फ्रिज गप्प होतो आणि ती किर्र सुरू होते, म्हणजे सुरू होत नाही, ती असतेच, पंखा तिच्यावर पांघरूण घालून बसलेला असतो इतकंच. हा पंखा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी डॉक्टर नाही, अकाउंट्स बघते. पण कान वाजायला लागल्यापासून रात्री झोप येईना म्हणून पेपर वाचायला लागले, आणि त्यात सगळ्यात जास्त काय दिसतं तर उंदराला सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या जातीचं औषध) टोचलं आणि मेंदूत अमुक झालं. मध्ये घरच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकला, ॲस्पिरिनने मेंदू बिघडतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, सोबत उंदराच्या मेंदूचा लालपिवळा फोटो. आईला स्टेंट बसलाय, रोज ॲस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी असते. तिने तो मेसेज वाचून दोन दिवस गोळी घेतलीच नाही आणि कुणाला बोललीही नाही, मी पाकीट मोजलं तेव्हा कळलं. असली गोळी मनाने बंद करणं किती धोक्याचं आहे हे तिच्या कार्डिओलॉजिस्टने तिला फोनवर जे काही सुनावलं त्यावरून मलाही समजलं. तर हे लिहायचं कारण ते. असा पेपर हातात आला की काय बघायचं, कुठल्या क्रमाने बघायचं, एवढंच सांगते.

आधी औषध कोणतं ते बघा

औषधाने कान वाजतात म्हणजे सगळी औषधं एकाच पंगतीत बसवायची नाहीत. जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक्स आणि कॅन्सरवरचं सिसप्लॅटिन ही कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मारू शकतात, त्या परत उगवत नाहीत, तो वेगळा विषय. सॅलिसिलेटचं तसं नाही. ते म्हणजे विलोच्या सालीच्या खानदानातलं औषध, बायरने १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आणलं ते त्याचंच भावंड, शरीरात गेल्यावर ॲस्पिरिनचं सॅलिसिलेटच होतं. आमवाताच्या पेशंटला पूर्वी भरपूर ॲस्पिरिन द्यायचे, कान वाजायला लागेपर्यंत डोस वाढवायचा आणि मग जरा खाली आणायचा, म्हणजे कान हाच मीटर! मलेरियावर जुनी माणसं कोयनेल (क्विनाईन) घ्यायची तिनेही कान वाजायचे, आणि काही पेपरांत कोयनेलही भेटेल तुम्हाला.

प्रयोगवाल्यांना सॅलिसिलेट का आवडतं तर भरवशाचं आहे. इंजेक्शन दिलं की काही तासांत परिणाम, दोनतीन दिवसांत सगळं पूर्ववत, तोच प्राणी आधी-मध्ये-नंतर असा तीनदा तपासता येतो. पण याच कारणाने एक मर्यादाही येते, वीस वर्षं मशीनच्या आवाजात काम करून ज्याचे कान वाजतायत त्याची गोष्ट ही नव्हे. पेपराच्या शेवटी लेखक हे एका ओळीत सांगून मोकळे होतात आणि बातमीत ती ओळ हमखास गळते.

मग मेथड्स उघडा, उंदराला विचारलं कसं ते शोधा

माझ्या मते निम्मा पेपर इथेच पास किंवा नापास होतो. आमच्या धंद्यात बॅलन्स शीट कितीही देखणी असली तरी आधी व्हाउचर बघायचं असतं, ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे पेपराच्या वरचा सारांश, ही बॅलन्स शीट आणि मेथड्स, म्हणजे प्रयोग कसा केला तो भाग, हे व्हाउचर.

टिनिटस म्हणजे बाहेर आवाज नसताना ऐकू येणारा आवाज, तो फक्त ज्याला होतो त्यालाच माहीत. माणूस सांगतो, उंदीर काय सांगणार? हे पहिल्यांदा जमवलं पावेल यास्त्रेबॉफ आणि सहकाऱ्यांनी, १९८८ साली, आणि युक्ती इतकी साधी आहे की वाचून मी हसले. तहानलेले उंदीर नळीतून पाणी चाटतायत. मागे सतत एक घूंऽऽ आवाज चालू. मधेच तो आवाज बंद करायचा आणि शांततेच्या शेवटी पायाला हलकासा शॉक. काही दिवसांत उंदीर शिकतो की शांतता झाली म्हणजे आता बसणार, आणि आवाज थांबला रे थांबला की पाणी चाटायचं सोडतो. नंतर शॉक बंद करून टाकायचा आणि बघायचं की ही भीती किती दिवसांत जाते. आता हे शिकून झाल्यावर सॅलिसिलेट दिलं तर? बाहेरचा आवाज बंद केला तरी उंदीर चाटतच राहतो, भीती लवकर जाते. कारण त्याला शांतता झालीय असं वाटतच नाही, आत काहीतरी वाजतंय.

म्हणजे माझा पंखा आणि लाईट! त्याची लाईट जाते पण त्याच्या लेखी काहीतरी चालूच असतं.

यावर कुणीही म्हणेल की अहो औषधाने उंदीर गुंगला असेल, तहान वाढली असेल, बहिरा झाला असेल, म्हणून चाटत राहिला. म्हणून त्यांनी दुसरा गट घेतला, त्याला सॅलिसिलेट शिकवायच्या आधीपासून दिलं. या उंदरांनी शॉकची सांगड त्या आतल्या आवाजाशीच घातली, मग पुढे तो आवाज वाजत राहिला तोवर त्यांची भीती जाता जाईना. एकच औषध, फक्त द्यायची वेळ बदलली आणि निकाल बरोबर उलटा. गुंगी किंवा तहान हे कारण असतं तर दोन्ही गट एकाच दिशेला गेले असते. मला अजूनही हा भाग वाचताना मजा येते, टॅली लागल्यासारखं वाटतं.

पुढे २००३ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या गितों आणि पुएल वगैरे मंडळींनी वेगळं केलं, आवाज झाला की खांबावर उडी मारायची असं उंदरांना शिकवलं, आणि सॅलिसिलेट दिल्यावर उंदीर आवाज नसतानाही उड्या मारायला लागले. आणि २००६ पासून जी पद्धत सगळीकडे दिसते ती गॅपची. मागे बारीक आवाज चालू, एकदम मोठा ठोका वाजवला की उंदीर दचकतो, किती दचकला ते खालची पाटी मोजते. ठोक्याच्या जरा आधी त्या बारीक आवाजात छोटीशी फट ठेवली, बहुतेकदा सेकंदाचा विसावा भाग, तर ती फट उंदराला सावध करते आणि तो कमी दचकतो. टिनिटस असेल तर ती फट आतल्या आवाजाने भरून जाते, इशारा मिळत नाही, उंदीर पूर्ण दचकतो. ही कल्पना. यात शिकवायला लागत नाही, पटकन होतं, म्हणून लोकप्रिय.

मला मात्र ही पद्धत जरा कच्ची वाटते. टिनिटस असलेल्या माणसांवर हेच करून बघितलं तेव्हा फट ठेवूनही दचकणं हवं तेवढं कमी होत नाही हे दिसलं खरं, पण ज्या पट्टीत कान वाजतो नेमकं तिथेच तसं होतं असं काही निघालं नाही. शिवाय सॅलिसिलेटने दचकणंच वाढतं, ऐकूही कमी येतं, मग फट भरली की फट ऐकूच आली नाही की नुसताच जास्त दचकला, कसं ठरवणार? म्हणून पेपरात गॅपवाली पद्धत दिसली की त्याच्या शेजारी दुसरी चाचणी आहे का बघा, ज्यात फटीऐवजी एक छोटा आवाज इशारा म्हणून देतात. त्यात उंदीर नीट वागला आणि फटीतच चुकला तर म्हणण्याला वजन येतं. आणि ज्या पेपरात वर्तनाची काहीच चाचणी नाही, नुसतं सॅलिसिलेट टोचलं आणि मेंदू कापून बघितला, तिथे टिनिटस हा शब्द पेन्सिलने खोडून सॅलिसिलेट असा वाचायचा. मी खरंच खोडते.

डोसचा हिशोब करा, हा माझा आवडता भाग

बहुतेक ठिकाणी १५० ते ३५० मिलिग्रॅम दर किलो वजनामागे असा आकडा दिसेल. समजा २५० आहे. तीनशे ग्रॅमचा उंदीर, म्हणजे त्याला किती गेलं? ७५ मिलिग्रॅम. आईची अख्खी गोळी जेवढ्याची तेवढं एका मुठीतल्या जिवाला, तेही एका दमात.

आता हे माणसाला लावताना सरळ वजनाने गुणायचं नाही, छोट्या प्राण्यांचं शरीर औषध भराभर संपवतं. अमेरिकेच्या एफडीएचं एक साधं कोष्टक आहे, मोठ्या उंदराचा म्हणजे रॅटचा डोस भागिले ६.२ आणि छोट्या म्हणजे माऊसचा भागिले १२.३. आपण मराठीत दोघांनाही उंदीरच म्हणतो त्यामुळे पेपरात कोणता आहे ते आधी बघून घ्या. तर २५० भागिले ६.२ म्हणजे सुमारे ४०, साठ किलोच्या माणसाला २,४०० मिलिग्रॅम. आईच्या गोळीच्या बत्तीसपट. पेपरात सोडियम सॅलिसिलेट असतं आणि गोळीत ॲस्पिरिन, त्यामुळे हे तंतोतंत नाही, अंदाज म्हणून धरा, पण ७५ कुठे आणि २,४०० कुठे. आमवातवाले रोज असे काही ग्रॅम घ्यायचे, त्यांचे कान वाजायचे ते याचमुळे.

हा हिशोब मी आईसमोर कागदावर केला. ती म्हणाली, बिचारा उंदीर.

आता मेंदू, कागदावर शिडी काढा

नावं लांबलचक असतात, घाबरायचं नाही, खालून वर पाच पायऱ्या लिहा. कॉक्लिया म्हणजे कानातला शंख, मग कॉक्लिअर न्यूक्लियस, मग इन्फिरिअर कॉलिक्युलस, मग थॅलेमसमधलं मेडियल जेनिक्युलेट, आणि सगळ्यात वर ऑडिटरी कॉर्टेक्स. बाजूला एक गोल काढून त्यात अमिग्डाला लिहा, भीतीबितीचं खातं. पेपर वाचताना प्रत्येक पायरीपुढे बाण काढत जायचं, औषधानंतर वाढलं की वर, कमी झालं की खाली, मोजलंच नाही तर रिकामं. रिकाम्या जागाच जास्त निघतात बघा.

एक पेपर करून दाखवते, २००९ चा, अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातल्या सन, साल्वी वगैरेंचा. डोस २५० च. शंखातून निघणारा सिग्नल औषधाने कमी झाला, पहिल्या पायरीला बाण खाली. यात नवल नाही, शंखातल्या बाहेरच्या केसपेशींमध्ये प्रेस्टिन नावाचं प्रोटीन असतं, त्याच्या जोरावर त्या पेशी लांब-आखूड होऊन आवाज मोठा करतात, सॅलिसिलेट नेमकं तिथे अडथळा आणतं. इन्फिरिअर कॉलिक्युलसमध्ये वाढ नाही. आणि कॉर्टेक्समध्ये? खालून माल कमी येतोय तरी आवाजाला मिळणारा प्रतिसाद वाढला, बाण वर. म्हणजे लग्नाच्या हॉलमधला साऊंडवाला असतो ना, माईकमधून आवाज कमी येतोय म्हणून तो इकडे बटण पिळत बसतो, तसं. याला ते सेंट्रल गेन म्हणतात.

पण मला त्या पेपरातलं खरं आवडलेलं वेगळंच. त्यांनी औषध अंगात टोचण्याऐवजी थेट शंखावर लावून बघितलं. कान खराब झाल्यामुळे मेंदू बटण पिळत असेल तर तेव्हाही कॉर्टेक्स भडकायला हवा होता. नाही भडकला, शंख, कॉलिक्युलस, कॉर्टेक्स, सगळ्यांचेच बाण खाली. म्हणजे औषध रक्तातून मेंदूत जाऊन स्वतः काहीतरी करतंय. काय करत असावं याचा धागा असा की मेंदूला आवरून धरणारं जे गाबा नावाचं रसायन आहे त्याची पकड ढिली होते, कॉर्टेक्सच्या चकत्या बशीत ठेवून त्यावर सॅलिसिलेट सोडलं तेव्हाही गाबाचे आवरणारे करंट कमी झालेले दुसऱ्यांनी दाखवले आहेत.

आणि यातूनच पुढचा मुद्दा, उंदीर जागा होता की भूल दिलेला? हे विचारल्याशिवाय कॉर्टेक्सच्या कुठल्याही ग्राफवर विश्वास नको. याच पेपरात जाग्या उंदरात कॉर्टेक्सचा प्रतिसाद वाढला, आयसोफ्लुरेनची भूल दिली तर ती वाढ गायब, केटामाईन दिलं तर उलट आणखी जास्त. आयसोफ्लुरेन गाबाचा जोर वाढवतं म्हणून गायब, म्हणजे वरच्या गाबाच्या गोष्टीशी जुळतं. पण विचार करा, भूल कोणती यावरून निकाल फिरतो! दोन पेपर एकमेकांच्या उलट बोलताना दिसले की भांडण लावण्याआधी दोघांची भूल बघा.

तसंच अजून एक, आवाजाला प्रतिसाद वेगळा आणि शांततेत मेंदूच्या पेशींचं आपोआप होणारं फायरिंग, म्हणजे सिग्नल सोडत राहणं, वेगळं. साऊंडवाल्याचं उदाहरण वाचून आपल्याला वाटतं की बटण पिळलं की आपोआप सूंऽऽ येणार आणि तेच टिनिटस. इतकं सरळ नाहीये ते. एगरमाँट आणि केनमोची यांनी १९९८ मध्ये मांजरांवर बघितलं तेव्हा सॅलिसिलेट आणि कोयनेल या दोन्हींनी आपोआप होणारं फायरिंग वाढलं, पण ते दुय्यम ऑडिटरी कॉर्टेक्समध्ये. आणि २००७ मध्ये बफेलोवाल्यांनीच जाग्या उंदरांत बघितलं तर कॉर्टेक्समधलं आपोआप फायरिंग चक्क कमी झालेलं, आवाजाला प्रतिसाद मात्र वाढलेला. मग वाजतं ते काय? यावर लोक अजून वाद घालतायत. मला विचाराल तर सेंट्रल गेन हे आवाज सहन न होण्याचं स्पष्टीकरण म्हणून चांगलं बसतं, ताट पडलं की दचकून अंगावर काटा येणं, त्याला हायपरॲक्युसिस म्हणतात, टिनिटसला ते अर्धवटच बसतं. सनचा पेपरही दचकणं वाढल्याचा अर्थ हायपरॲक्युसिसकडेच लावतो, शीर्षकवाले मात्र दोन्ही एकाच पोत्यात भरतात.

१६ हा आकडा दिसला की थांबा

सॅलिसिलेटच्या उंदीरपेपरांत १६ किलोहर्ट्झ परत परत येतं. गॅप चाचणीत उंदीर त्याच आसपास चुकतात, आणि २०११ मध्ये स्टॉल्झबर्ग वगैरेंनी दाखवलं की कॉर्टेक्समधल्या ज्या पेशी खालच्या किंवा वरच्या पट्टीला बांधलेल्या होत्या त्या औषधानंतर दोन्ही बाजूंनी या मधल्या पट्टीकडे सरकल्या. सगळ्या गावाने एकाच चौकात गर्दी करावी तसं. अमिग्डालातही असंच सरकणं २०१२ मध्ये सापडलं. वर्तन आणि मेंदू एकाच आकड्यावर जुळतात म्हणून मला हा पुरावा त्यातल्या त्यात घट्ट वाटतो. फक्त १६ किलोहर्ट्झ उंदराच्या हिशोबाने मधलं आहे, त्याला सत्तर-ऐंशी किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आपल्याला तरुणपणी वीसपर्यंत आणि पुढे उतरती कळा, त्यामुळे तो आकडा उचलून स्वतःच्या कानाला लावू नका, मी लावला होता, ॲप डाउनलोड करून १६ वाजवलं तर ऐकूच येईना, चाळिशी झाली हे तेवढं कळलं.

तो लालपिवळा फोटो

२०१५ मध्ये ईलाइफ नावाच्या जर्नलमध्ये आलेला पेपर सगळ्यांना मोफत वाचता येतो, त्यापासूनच सुरुवात करा असं मी सांगेन. त्यात उंदरांना शिकवलं की सलग आवाज असेल तर एका बाजूला जा, शांतता असेल तर दुसऱ्या, खाऊ मिळेल. सॅलिसिलेटनंतर उंदीर शांततेत आवाजाच्या बाजूला जायला लागले. शिवाय मोठ्या आवाजाला किती झटकन हलतात तेही मोजलं, म्हणजे टिनिटस आणि हायपरॲक्युसिस वेगवेगळे तपासले, शाब्बास. मग एमआरआयमध्ये दिसलं की कॉर्टेक्सचं सूत अमिग्डाला, जागं ठेवणारी रेटिक्युलर फॉर्मेशन, हिप्पोकॅम्पस आणि चक्क सेरेबेलम यांच्याशी जास्त जुळलंय. कान वाजला की झोप उडते आणि जीव घाबरतो हे आपल्याला माहीतच आहे, त्याच्या तारा कुठून जात असतील ते इथे दिसतं. पण लाल रंग म्हणजे बिघाड नव्हे, लाल म्हणजे औषधाआधीपेक्षा संबंध वाढला, एवढंच.

भीतीच्या खात्याबद्दल एक सावधगिरी. जर्मनीत जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यावर काम झालंय, सॅलिसिलेटनंतर सी-फॉस नावाची, पेशी नुकत्याच कामाला लागल्याची खूण कॉर्टेक्समध्ये आणि अमिग्डालात दिसली. पण प्राण्याला पकडलं, उलटा धरला, सुई टोचली तरी अमिग्डाला जागा होणारच ना. म्हणून नुसतं सलाईन टोचलेला गट होता का आणि त्याच्यापेक्षा फरक किती, हे बघायचंच.

शोधायचं कसं तर पबमेड या वैद्यकीय पेपर शोधायच्या साईटवर सॅलिसिलेट, टिनिटस, रॅट हे तीन शब्द इंग्रजीत टाका, बाजूला मोफत पूर्ण लेखांची खूण असते ती लावा. मी एक एक्सेल ठेवलीय, प्राणी, डोस, जागा की भूल, उंदराला विचारलं कसं, पाच पायऱ्यांचे बाण, सलाईन गट. एका पेपराला वीसेक मिनिटं पुरतात, सुरुवातीला मला दोन रात्री लागायच्या.

आणि ग्रुपवर उत्तर द्यायचं असेल तर मी टाकलेलं हे घ्या, कॉपी करा हवं तर: "काका, त्यातल्या उंदराला, माणसाच्या हिशोबात आणलं तर, आपल्या रोजच्या गोळीच्या तीसेक पट औषध एकदम टोचतात, आणि दोनतीन दिवसांत त्याचे कान पूर्ववत होतात. आईने मेसेज वाचून गोळी बंद केली होती, चालू केलीय. ज्यांना डॉक्टरांनी दिलीय त्यांनी विचारल्याशिवाय सोडू नका, कान वाजत असतील तर तेही डॉक्टरांनाच सांगा."

काकांनी अंगठा टाकला, आणि खाली लगेच हळदीच्या दुधाचा मेसेज.